चोविसावं गाणं

टेपवाल्यांशी माझं पहिलं भांडण एका बटणावरून झालं. भांडण म्हणजे मी भांडले आणि ते ऐकत उभे राहिले. ऑफिस माझं, टेबल माझं, त्यावरचा कॉम्प्युटर माझ्या ताब्यातला. आणि एका सकाळी येऊन बघते तर कीबोर्डावरच्या शिफ्टच्या बटणावर नेलपॉलिशचा लालभडक ठिपका. मी विचारलं, हा उद्योग कुणाचा? ते म्हणाले, माझा. पुढे काही सांगतील म्हणून मी थांबले, तर ते बादली उचलून निघून गेले. शब्द विकत घ्यावे लागत असावेत, असं त्यांचं बोलणं होतं.

मी त्या वृद्धनिवासात एकवीस वर्षं कारकून होते. अठ्ठावीस खाटा, दोन मजले, खाली माझं ऑफिस आणि त्याला लागून लांबट हॉल. मध्ये काचेची खिडकी, त्यामुळे हॉलमध्ये कोण काय करतंय ते मला बसल्या जागी दिसायचं. आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं विसरायला लागल्यावर यायची. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायची, मग मुलांची नावं, मग स्वतःचं. नाव फाइलीत राहायचं. बोलताना आम्ही त्यांना धंद्यावरूनच ओळखायचो: पोस्टमन, हेडमास्तरीण, शिवणबाई, मोजणीदार. कारण धंदा माणूस सगळ्यात शेवटी विसरतो. पोस्टमन तर जेवणाच्या वेळी दुसऱ्यांची ताटं उचलून खाटेखाटेवर वाटत फिरायचे, आणि एकाचं ताट दुसऱ्याला गेलं की सिस्टर डोक्याला हात लावायच्या.

टेपवाले तिथे मदतनीस होते. म्हाताऱ्यांना उठवणं, अंग पुसणं, चादरी बदलणं, खुर्चीतून उन्हात नेणं. त्याआधी सव्वीस वर्षं त्यांचं गाणी भरून देण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक कागदावर यादी लिहून द्यायचं, हे त्या यादीप्रमाणे टेप भरून द्यायचे. एका बाजूला तीस मिनिटं, आणि शेवटचं गाणं अर्ध्यात तुटलं तर ती टेप गिऱ्हाइकाला द्यायची नाही, हा त्यांचा नियम. मग टेपांचा जमाना गेला. दुकान गेलं, आणि हे पन्नाशीत आमच्याकडे चादरी धुवायला आले. याचं त्यांना दुःख होतं का, हे मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, तेव्हा होतं. मी म्हटलं, आणि आता? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, आता चादरी असतात.

गाणी कुठली आवडतात, हेही मी विचारून बघितलं. कुठलीच नाही म्हणाले. मिठाईवाला घरी गोड खात नाही, तसलं काहीतरी असेल म्हणून मी सोडून दिलं. तसं मलाही गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मला सगळी गाणी सारखीच वाटतात, काही लांब आणि काही त्याहून लांब. ही गोष्ट पुढे महागात पडली, म्हणून आधीच सांगून ठेवते.

झालं असं की आमच्या मोठ्या सिस्टरांनी कुठेतरी वाचलं, विसरलेल्या माणसांना त्यांच्या तरुणपणची गाणी ऐकवली तर ती शांत होतात. व्यवस्थापकांना ते पटलं, कारण त्याला औषध लागत नव्हतं. दोन बिनतारी हेडफोन आले, आणि गाण्यांचं काम अर्थातच टेपवाल्यांच्या गळ्यात पडलं. माझं म्हणणं साधं होतं. ज्यांना गाणी लावायची ते म्हातारे अकरा, सगळे एकाच काळातले, तर सगळी जुनी गाणी एका ठिकाणी टाका आणि लावून द्या. टेपवाले नाही म्हणाले. त्यांनी त्या एका कॉम्प्युटरवर अकरा जणांच्या अकरा लायब्रऱ्या केल्या. एका घरात अकरा चुली. एकाची गाणी दुसऱ्याच्यात नाहीत. तेच गाणं दोघांना हवं असेल तर ते दोन्हीकडे वेगवेगळं ठेवलेलं. आमचा कॉम्प्युटर मुळातच निवासातल्या माणसांच्या वेगाने चालणारा, त्यात हा पसारा. मी चिडून म्हटलं, अहो, जागा किती खाताय. त्यावर ते म्हणाले, "ताई, एकाचं ताट दुसऱ्याला वाढायचं नसतं."

मी म्हटलं ताट नाही हो, गाणी आहेत.

"तेच," ते म्हणाले.

त्या लाल ठिपक्याचा अर्थ मग मला कळला. गाण्यांचा तो प्रोग्राम नुसता उघडला तर शेवटी जी लायब्ररी उघडली होती तीच पुन्हा उघडायची. पण उघडताना शिफ्टचं बटण दाबून धरलं, आणि एक छोटी चौकट येईपर्यंत धरूनच ठेवलं, तर तो विचारायचा, कुणाची उघडू? त्या चौकटीत अकरा नावं. चौकट यायला आमच्या कॉम्प्युटरला वीस-पंचवीस सेकंद लागायचे. टेपवाले तेवढा वेळ बटणावर बोट ठेवून पुतळ्यासारखे उभे राहायचे. प्रत्येक लायब्ररीत त्यांनी तीन याद्या केल्या होत्या, सकाळ, दुपार आणि झोप. अकराही जणांच्या याद्यांना हीच नावं, म्हणजे ते नसले तरी कुणालाही लावता यावं.

लायब्ररी भरायची त्यांची पद्धत मात्र मला मनापासून आवडायची. नातेवाइकाला समोर बसवायचे आणि आवडती गाणी कोणती, हे कधीच विचारायचे नाहीत. घरात दाढी करताना काय गुणगुणायचे, हे विचारायचे. कुठलं गाणं लागलं की उठून रेडिओ बंद करायचे, हेही. मोजणीदारांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, त्यांनी असं दोन तास बसवलं होतं. काकूंनी डोळे मिटून एकेक गाणं सांगितलं. तेवीस झाली. चोविसावं काही केल्या आठवेना. काकू म्हणाल्या, एवढ्यातच आमचा संसार झाला बघा.

मोजणीदार जमिनी मोजायचे. तरुणपणी दोन वर्षं एका धरणाच्या कामावर लांब राहिले होते, बाकी सगळी नोकरी घराजवळ. आमच्याकडे आले तेव्हा बोलणं जवळजवळ संपलं होतं, आणि सहा महिन्यांत पुरतंच संपलं. काकू रोज तीनला यायच्या आणि चारच्या सुमाराला जायच्या. त्या आल्या की त्यांच्या खाटेजवळची खुर्ची ओढायच्या आणि टेपवाले मोजणीदारांच्या कानांवर हेडफोन चढवायचे. ते खिडकीकडे बघत ऐकायचे. काकू त्यांच्याकडे बघत बसायच्या. ऐकू त्यांना काहीच यायचं नाही, हेडफोनमधलं बाहेर कसं येणार? पण आता दुसरं चाललंय, आता पाचवं, असा त्यांचा मनात हिशोब चालू असायचा, हे त्यांनीच मला सांगितलं. चौदा महिने असं चाललं. मोजणीदारांनी कधी हूं की चूं केलं नाही.

कुणी वारलं की त्याची लायब्ररी आठ दिवसांत पुसून टाकायची, असं व्यवस्थापकांनी ठरवून दिलं होतं. टेपवाले ते काम उभ्या उभ्या करायचे. चेहऱ्यावर काही नसायचं. पोस्टमनची पुसली तेव्हा मी बघत होते. माझ्याही चेहऱ्यावर काही नसावं. अशा ठिकाणी एकवीस वर्षं काढली की माणूस निर्दय होत नाही, पण आतून बधिर होतो. इंजेक्शन दिल्यावर गालाला हात लावला तर गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं. कुणी गेलं की मला आधी आठवायचा तो त्यांच्या फाइलीवर मारायचा शिक्का.

शिवणबाई गेल्या तेव्हा मात्र टेपवाल्यांनी त्यांची लायब्ररी पुसली नाही. शिवणबाईंचं कुणीच नव्हतं, त्यामुळे त्यांच्या गाण्यांबद्दल विचारायलाही कुणी नव्हतं. टेपवाल्यांनी महिनाभर त्यांच्या खाटेजवळ बसून, त्या जे काही तोंडातल्या तोंडात पुटपुटायच्या त्यावरून शोधत शोधत बत्तीस गाणी जमवली होती. बाई गेल्यावर रोज दुपारी ते माझ्या ऑफिसात येऊन डबा खायचे आणि डबा संपेपर्यंत कानाला हेडफोन लावून बसायचे. काय ऐकता म्हणून विचारलं तर म्हणाले, शिवणबाईंची. आवडतात? नाही. मग?

"आता लावायचं कुणी?" ते म्हणाले. मला हे उत्तर वेडेपणाचं वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

मग त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. एकोणीस दिवसांची रजा. बाकीच्यांची गाणी तेवढे दिवस बंद ठेवायची असं ठरलं, पण काकू म्हणाल्या, ह्यांची तीनची सवय मोडू नका. तर ते काम माझ्याकडे आलं. जायच्या आदल्या दिवशी टेपवाल्यांनी मला शेजारी उभं करून तीनदा दाखवलं. बटण धरा, चौकट येऊ द्या, मग सोडा. मी म्हटलं, मला काय कुक्कुलं बाळ समजता का. त्या दिवशी काकू गेल्यावर त्यांनी डबा खाल्ला, शिवणबाई ऐकल्या, कॉम्प्युटर बंद केला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी तीनला मी बटण धरलं. पाच सेकंद, दहा सेकंद. फोन वाजला. मी बटण सोडून फोन घेतला. परत बघते तर प्रोग्राम उघडलेला, समोर सकाळ, दुपार, झोप. मी दुपारवर टिचकी मारली, हॉलमध्ये जाऊन हेडफोन मोजणीदारांच्या कानांवर चढवला आणि परत फोनवर आले. त्यानंतर तर मी बटण धरलंच नाही. रोज एकाच माणसाचं लावायचंय, तर रोज विचारायचं कशाला? कालचंच उघडतंय की. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मला तर ठिपकासुद्धा पुरला नाही.

अकराव्या दिवशी मोजणीदार गुणगुणले.

मी काचेतून बघितलं तर सिस्टर धावत होत्या. काकू खुर्चीच्या कडेवर आलेल्या. मोजणीदार खिडकीकडे बघतच होते, पण गळ्यातून एक सूर येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. व्यवस्थापक वरून खाली आले आणि मोबाइलवर चित्रण केलं. तेराव्या दिवशी शब्द आले. दिवा मी खिडकीत ठेवते, तू येशील का. एवढंच, पुन्हा पुन्हा. चौदा महिन्यांत ज्या माणसाने पाणी मागितलं नव्हतं तो गात होता. सगळ्यांनी काकूंना घेरलं. बघा काकू, आठवतंय त्यांना. सगळ्यात मोठ्याने बोलणारी मी होते, कारण हेडफोन मी लावत होते. मी म्हटलं, काकू, जुनं सगळं परत येतंय बघा.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "कुठलं जुनं?" त्या म्हणाल्या.

मी हसले. आनंदाने माणूस असंच काहीतरी बोलतो, असं मला वाटलं. त्यानंतर दोन दिवस त्या आल्या, बसल्या आणि चार वाजायच्या आधीच उठून गेल्या. मग येईनाशाच झाल्या. फोन केला तर म्हणाल्या, गुडघा दुखतोय. बावन्न वर्षांच्या संसारातल्या त्या बाई, पावसापाण्यात आल्या होत्या, तापात आल्या होत्या. मोजणीदार तीन वाजले की रिकाम्या खुर्चीशेजारी बसून तेच गाणं म्हणायचे. मी रोज हेडफोन लावत राहिले. चार दिवस खुर्ची रिकामी होती आणि मला त्यात काही खटकलं नाही. मी भेटीच्या रजिस्टरमध्ये काकूंच्या नावापुढे आडवी रेघ मारायचे, बस.

टेपवाले विसाव्या दिवशी कामावर आले, पोटावर हात ठेवून. मी त्यांना आल्या आल्या बातमी दिली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, काय म्हणतात? मी शब्द सांगितले. ते कॉम्प्युटरपाशी गेले, बटण धरलं आणि उभे राहिले. त्या प्रोग्राममध्ये प्रत्येक गाण्यापुढे लिहिलेलं असतं, किती वेळा वाजलं आणि शेवटचं कधी. त्यांनी आधी मोजणीदारांची लायब्ररी उघडली. शेवटची तारीख त्यांच्या रजेच्या आदल्या दिवसाची. मग शिवणबाईंची उघडली. दुपारच्या यादीतल्या अकराही गाण्यांपुढे तारीख कालची.

"चौकट येऊ दिली नाहीत," ते म्हणाले.

मी पेटले. चोर तो चोर वर शिरजोर. म्हटलं, तुमच्या या अकरा चुली, तुमचा हा ठिपका, मेलेल्या माणसाची लायब्ररी ठेवलीत कशाला, नियमाप्रमाणे पुसली असती तर हे झालंच नसतं. ते ऐकत राहिले. मी बोलून दमले तेव्हा त्यांनी विचारलं, काकू कुठे आहेत? आणि मग, त्यांनी विचारलं म्हणून, मला कळलं. धरणावरची दोन वर्षं मला तेव्हा आठवली. काकूंना मोजणीदारांची सगळी गाणी पाठ होती, आणि हे त्यातलं नव्हतं. एका बाईच्या तोंडचं गाणं. नवऱ्याला बायको आठवत नाही, पण दिवा ठेवणारी कुणीतरी आठवते, आणि आम्ही सगळे काकूंना घेरून सांगतोय, बघा, आठवतंय. मला शरम वाटायला हवी होती. कळत होतं की वाटायला हवी. पण आत नुसतं गार होतं.

त्याच दुपारी आम्ही काकूंकडे गेलो. टेपवाले जिन्यावर दर चार पायऱ्यांनी थांबत होते. काकूंचं घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं. भिंतीवर एकच फोटो, त्यात मोजणीदार तिपाईवरच्या दुर्बिणीशेजारी उभे. मला वाटलं, फोटो धरणावरचा असेल. काकूंनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. गुडघा ठीक होता.

टेपवाल्यांनी खिशातून कागद काढून त्यांच्या हातात दिला. शिवणबाईंची दुपारची यादी, आकड्यांसकट छापलेली. आणि त्यांच्या मानाने भाषणच केलं.

"काकू, ते गाणं मोजणीदारांचं नाही. सहा नंबरच्या शिवणबाईंचं आहे. त्या वारल्या. त्यांचं मी पुसलं नव्हतं, आणि एकोणीस दिवस ह्यांना तेच लागत होतं. बटणाची पद्धत माझी. चूक माझी."

मी तिथेच बसले होते. पाण्याचा पेला हातात होता. एवढंच म्हणायचं होतं की नाही काकू, बटण मी सोडलं. तोंडातून शब्द निघाला नाही. काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग चष्मा लावून कागद वाचला. प्रत्येक गाण्यावरून बोट फिरवत वाचला.

"म्हणजे धरणावरचं काही नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"हे इथे ऐकून शिकले."

"कानावर पडत राहिलं की बसतं."

"आणि आमची तेवीस?"

टेपवाले खोटं बोलले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. ते म्हणाले, ती चौदा महिने रोज लागत होती. त्यातलं बसलं नाही.

काकूंनी कागदाची घडी केली. मला वाटलं, आता रडतील, मोकळ्या होतील, हसतील. डोक्यावरचं ओझं उतरलं की माणूस काहीतरी करतोच. त्यांनी काहीच केलं नाही. घडीवरून नख फिरवत बसल्या. मग अगदी साध्या आवाजात बोलल्या.

"चार दिवस मी तिला शिव्या घालत होते. तिचा चेहरासुद्धा मनात तयार केला होता, उंच, वेणी घातलेली. आता सांगताय ती नव्हतीच." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "असती तर बरं झालं असतं हो. ह्यांना कुणीतरी आठवतंय, एवढं तरी खरं ठरलं असतं. मी नाही तर नाही."

टेपवाले उठले, मीही उठले. जिना उतरताना मी त्यांना म्हटलं, तुम्ही माझं नाव घ्यायला हवं होतं. ते म्हणाले, पायऱ्या बघून उतरा.

दुसऱ्या दिवशी तीनला काकू आल्या. हॉलमध्ये न जाता आधी माझ्या ऑफिसात आल्या आणि टेपवाल्यांना बोलावून घेतलं. म्हणाल्या, ते गाणं ह्यांच्या लायब्ररीत घाला. टेपवाल्यांना गोंधळलेलं मी तेवढं एकदाच बघितलं. ते म्हणाले, ते शिवणबाईंचं आहे. काकू म्हणाल्या, त्यांना विचारायला गेले असते, पण आता कुठे जाणार? त्यांच्याकडचं काढू नका, ह्यांनाही द्या. आमची तेवीसच झाली होती, एकाची जागा होती.

टेपवाले बटण धरून उभे राहिले. चौकट आली. आयुष्यभर ज्या माणसाने एकाचं ताट दुसऱ्याला वाढलं नाही, त्याने एक गाणं उचलून दुसऱ्याच्या यादीत ठेवलं. चोविसावं. ठेवल्यावर तीनदा तपासलं. काकूंनी ते आधी स्वतःला ऐकवायला सांगितलं. त्या उभ्या उभ्याच हेडफोन लावून पूर्ण गाणं ऐकत राहिल्या. काढल्यावर म्हणाल्या, आवाज काही खास नाही हो हिचा. मग म्हणाल्या, पुन्हा लावा, दुसरी ओळ नीट कळली नाही.

त्या ते गाणं शिकायला लागल्या. रोज थोडं माझ्या ऑफिसात ऐकायचं, मग हॉलमध्ये जाऊन मोजणीदारांच्या शेजारी बसून हळू आवाजात म्हणायचं. गळा नव्हता त्यांना. मलासुद्धा कळत होतं, म्हणजे बघा. ते खिडकीकडे बघून म्हणायचे, या त्यांच्याकडे बघून म्हणायच्या. दोघांचं कधी जुळायचं नाही. टेपवाले चादरी घेऊन शेजारून जायचे ते पाय न वाजवता जायचे.

मला सांगायला दीड महिना लागला. एकदा काकू ऑफिसात एकट्या असताना मी बोलून टाकलं, की काकू, बटण मी सोडलं होतं, टेपवाल्यांचा त्यात काही दोष नव्हता. त्या हेडफोन कानावर चढवत होत्या. म्हणाल्या, "अगं, टेपवाले रजेवर असताना ह्यांच्या कानावर हे कोण चढवत होतं, ते मला दिसत नव्हतं का? तू कधी सांगतेस तेच बघत होते." आणि मला गाणं सुरू करायची खूण केली. मी बटण धरलं आणि चौकट येईपर्यंत सोडलं नाही.

त्यानंतरची एक दुपार. काचेतून मला दोघं दिसत होते. काकू गाणं म्हणताना दुसऱ्या ओळीत चुकल्या. नेहमीच चुकायच्या. पण त्या दिवशी मोजणीदार मध्येच थांबले. त्यांनी मान खिडकीवरून वळवली आणि काकूंकडे बघून काहीतरी बोलले. गाणं नव्हतं ते. काकूंनी काहीतरी विचारलं. मोजणीदारांनी पहिल्यापासून गाणं सुरू केलं, सावकाश, शिकवतात तसं, आणि काकू त्यांच्या मागून म्हणू लागल्या.

मी कुणाला हाक मारली नाही. टेपवाल्यांनीही बघितलं होतं, ते दारात चादर धरून उभे होते.

चार वाजून गेल्यावर काकू बाहेर आल्या. रजिस्टरमध्ये सही करायला वाकल्या, पेन हातात घेतलं आणि सही न करता तशाच राहिल्या.

"आज बोलले माझ्याशी," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, काय म्हणाले?

"म्हणाले, असं नाही, बाई. तुम्ही दुसऱ्या ओळीत चुकता." त्यांनी सही केली. "अहोजाहो केलं मला. लग्न ठरलं तेव्हा करायचे तसं."

मग उद्या तीनला येते म्हणाल्या आणि गेल्या. मी त्यांच्या नावापुढे जायची वेळ लिहिली. चार वाजून दहा मिनिटं.